मातीचा अभ्यास म्हणजे नेमका कशाचा अभ्यास?

एका विद्यार्थिनीचे पत्र, थोडक्यात: "रसायनशास्त्र घेऊन माझी पदवी या वर्षी पूर्ण होत आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मृदाशास्त्राचा पर्याय समोर आला आहे. पण ज्यांना विचारावे त्यांचे उत्तर वेगळे. कोणी म्हणतात, हा शेतीचाच एक भाग आहे. कोणी म्हणतात, माती तपासून खताची शिफारस करण्यापलीकडे त्यात काही नाही. माझ्या एका प्राध्यापकांच्या मते तर हे स्वतंत्र शास्त्रच नव्हे. रसायन, भौतिकी, जीवशास्त्र आणि भूशास्त्र यांचे तुकडे एकत्र बांधून त्याला नाव दिले आहे. या विषयात नेमके काय शिकतात? आमच्या घरी शेती नाही, तरी तो मला झेपेल का? आणि त्यातली एखादी शाखा आत्ताच ठरवून टाकावी का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर नीट मिळाले, तर उरलेली दोन फारशी अवघड राहणार नाहीत. म्हणून बहुतेक जागा मी त्यालाच देणार आहे. त्यातही तुमच्या प्राध्यापकांचा आक्षेप आधी घेते, कारण तो गंभीर आहे आणि त्याला उत्तर न देता पुढे जाणे योग्य होणार नाही.

मृदाशास्त्र इतर शास्त्रांची साधने उसनी घेते, हे खरे आहे. मातीतील पाण्याचा विचार भौतिकीच्या समीकरणांनी होतो, चिकणमातीच्या कणांचा विचार स्फटिकांच्या रसायनाने होतो, सूक्ष्मजीवांचा विचार जीवशास्त्राच्या पद्धतींनी होतो. परंतु उसनी साधने हे परावलंबनाचे लक्षण मानले, तर वैद्यकशास्त्रालाही स्वतंत्र म्हणता येणार नाही. एखादे शास्त्र स्वतंत्र ठरते ते त्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न असल्यामुळे. असा प्रश्न, की जो शेजारची शास्त्रे विचारत नाहीत, किंवा विचारला तरी एकट्याने सोडवू शकत नाहीत. मृदाशास्त्रापाशी तसा प्रश्न आहे: या जागी हीच माती का आहे, ती आजच्या रूपाला कशी पोहोचली, आणि तिच्यात या घडीला काय चालले आहे?

हा प्रश्न विचारला जायला बराच काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांच्या मातीकडे पाहण्याच्या प्रामुख्याने दोन रीती होत्या. भूशास्त्रज्ञांच्या लेखी माती म्हणजे खडक झिजून झालेला चुरा. खरा अभ्यास करायचा तो खालच्या खडकाचा. रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी माती म्हणजे वनस्पतींच्या अन्नद्रव्यांचे कोठार. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० मध्ये शेतीच्या रसायनशास्त्रावर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यातून ही दुसरी रीत पक्की झाली: पीक जमिनीतून जी खनिज द्रव्ये उचलते, ती भरून दिली पाहिजेत. वनस्पती कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावरच पोसली जाते, ही तोवरची समजूत होती आणि लीबिग यांच्या मांडणीने ती मोडून काढली, हे त्यांचे मोठे कार्य. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये सुरू केलेले आणि आजही चालू असलेले शेतीवरील दीर्घकालीन प्रयोग याच काळातले आहेत. पण जमाखर्चाच्या या हिशेबात माती स्वतः कुठेच नव्हती. कोठारात काय भरले आहे याची नोंद ठेवली जात होती. ते कोठार तयार कसे झाले, हे विचारणारे जवळजवळ कोणी नव्हते.

ते विचारले रशियातील वसिली डोकुचायेव यांनी. १८७० च्या दशकातील दुष्काळानंतर तेथील काळ्या, सुपीक मातीच्या विस्तीर्ण पट्ट्याचा, म्हणजे चेर्नोझेमचा, अभ्यास त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी हजारो किलोमीटर फिरून जागोजाग मातीचे छेद तपासले आणि १८८३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवामान आणि गवताळ वनस्पती सारखी असेल, तर खालचे द्रव्य वेगवेगळे असूनही वर तयार होणारी माती पुष्कळशी सारखी असते. उलट खालचे द्रव्य तेच राहून हवामान बदलले किंवा गवताच्या जागी जंगल आले, की माती बदलते. याचा अर्थ असा, की मातीचे रूप खडकातून सरळ उतरत नाही. खडक, हवामान, सजीव, जमिनीचा उतार आणि काळ या सर्वांच्या एकत्र कार्यातून घडणारी ती एक स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, आणि प्राणी, वनस्पती किंवा खनिजे यांच्याप्रमाणेच तिचाही तिच्यासाठी म्हणून अभ्यास झाला पाहिजे. मृदाशास्त्राचा जन्म बहुतेक अभ्यासक येथून मोजतात, आणि मला ते पूर्णपणे पटते.

ही घडण दिसते ती जमिनीच्या उभ्या छेदात. वरून पाहिलेली माती आपल्याला फार थोडे सांगते. मीटर-दीड मीटर खोल खड्डा घेऊन त्याची एक भिंत स्वच्छ तासली, की एकावर एक थर दिसू लागतात. हे थर नदीच्या गाळासारखे बाहेरून येऊन साचलेले असतीलच असे नाही. बहुतेक वेळा ते जागच्या जागी घडलेले असतात. थंड, ओल्या प्रदेशातील सूचिपर्णी जंगलाखालची माती पाहा. वर न कुजलेल्या पानांचा आम्ल थर. त्याखाली राखेच्या रंगाचा फिकट थर, कारण वरून झिरपणाऱ्या सेंद्रिय आम्लांनी तेथील लोह आणि ॲल्युमिनियम धुऊन नेलेले असते. आणि त्याखाली तांबूस-तपकिरी थर, जिथे तेच लोह आणि ॲल्युमिनियम पुन्हा साचलेले असते. गवताळ प्रदेशात असे दिसत नाही. तेथे दाट, बारीक मुळे दरवर्षी जमिनीतच मरतात आणि कुजतात, त्यामुळे काळा थर खोलवर जातो. कमी पावसाच्या प्रदेशात पाणी जिथवर पोहोचून थांबते, तिथे चुन्याचे खडे किंवा पांढरा थर आढळतो. काही मातींच्या खालच्या थरांत राखाडी रंगावर गंजाचे ठिपके असतात. पाण्याने भरलेल्या जमिनीत प्राणवायू संपतो, लोहाचे क्षपण होऊन ते विरघळते आणि थर राखाडी होतो. पाणी उतरल्यावर हवा शिरते तिथे लोहाचे पुन्हा ऑक्सिडीकरण होऊन गंज चढतो. अशी जमीन ऐन कोरड्या दिवसांत खणली आणि खड्ड्यात थेंबभरही पाणी नसले, तरी वर्षातला काही काळ पाणी कुठवर चढते हे जाणकार सांगू शकतो. रसायनशास्त्र शिकलेल्या व्यक्तीला यातली प्रत्येक क्रिया आधीच ठाऊक असते. ती जमिनीत कुठे, किती काळ आणि कशाच्या शेजारी घडते, हे तेवढे शिकायचे असते.

हान्स जेनी या मूळच्या स्वित्झर्लंडमधील आणि पुढे कॅलिफोर्नियात काम केलेल्या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये वर सांगितलेल्या पाच घटकांची मांडणी समीकरणाच्या रूपात केली. हे समीकरण सोडवून उत्तर काढण्याचे नाही. त्याचा उपयोग तुलना आखण्यासाठी होतो. चार घटक शक्य तितके सारखे असलेल्या जागा निवडायच्या आणि पाचवा बदलू द्यायचा, म्हणजे त्या एका घटकाचा परिणाम वेगळा काढता येतो. अलास्कातील ग्लेशियर बे येथे हिमनदी टप्प्याटप्प्याने मागे सरकत गेली, त्यामुळे काही वर्षांपूर्वी उघडी पडलेली आणि शतकापूर्वी उघडी पडलेली जमीन एकाच परिसरात पाहायला मिळते. तेथे सुरुवातीला अल्कधर्मी असलेला हिमनदीचा गाळ, ऑल्डर झुडपे वाढल्यावर, काही दशकांतच वरच्या थरात स्पष्टपणे आम्ल होतो आणि त्यात नायट्रोजन साठत जातो, असे आढळले. माती फार हळू घडते हे एकूण खरेच आहे, कारण सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शतके लागू शकतात. पण तिचे काही गुणधर्म माणसाच्या आयुष्यात बदलतात, आणि कोणते गुणधर्म कोणत्या वेगाने बदलतात हे कळणे या शास्त्राच्या गाभ्याचे आहे.

आता तुमच्या विषयाकडे, म्हणजे रसायनाकडे, येते. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये एच. एस. थॉम्प्सन आणि जे. थॉमस वे यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले, ज्याचे महत्त्व त्या वेळच्या फार थोड्यांना कळले असेल. मातीच्या स्तंभातून अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडले, तर खालून अमोनियम सल्फेट बाहेर येत नाही; कॅल्शियम सल्फेट बाहेर येते. मातीने अमोनियम ठेवून घेतले आणि बदल्यात कॅल्शियम दिले. ही अदलाबदल का होते याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साह्याने चिकणमातीच्या स्फटिकांची रचना कळावी लागली. हे कण सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या अतिशय पातळ पत्र्यांचे बनलेले असतात. पत्रा तयार होताना एखाद्या जागी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम, किंवा ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसते. आकार साधारण जुळतो पण धनभार एकाने कमी पडतो, आणि त्या पत्र्यावर कायमचा ऋणभार राहतो. तो समतोल करण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे आयन पृष्ठभागाजवळ धरून ठेवले जातात, पण घट्ट नव्हे, त्यामुळे द्रावणातील दुसरे आयन त्यांची जागा घेऊ शकतात. स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीत एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत भरतो, कारण तिच्या पत्र्यांमध्येही पाणी आणि आयन शिरतात. केओलिनाइट या दुसऱ्या जातीच्या चिकणमातीत पत्रे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना बांधलेले असल्यामुळे तो पृष्ठभाग याच्या काही टक्केच असतो. एक चिकणमाती पाणी मिळताच फुगते आणि वाळताना भेगाळते, दुसरी जवळजवळ हलत नाही, याचे मूळ या बंधांत आहे.

या एका गोष्टीतून किती व्यावहारिक प्रश्न सुटतात पाहा. एखाद्या जमिनीत कणांवरील जागा सोडियमने व्यापल्या, तर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात, छिद्रे बुजतात, निचरा थांबतो, जमीन ओली असताना चिखल होते आणि वाळली की दगडासारखी कडक होते. शेतकरी तिला चोपण जमीन म्हणतात. नुसते पुष्कळ पाणी देऊन ती धुऊन काढू गेले तर उलट बिघडते, कारण पाण्यातील क्षार जाऊन सोडियम मात्र कणांवरच राहतो. तिथे जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम देतात. ते सोडियमला कणांवरून हटवते, आणि मग सुटा झालेला सोडियम निचऱ्याची सोय करून पाण्याबरोबर बाहेर काढावा लागतो. खारवट जमिनीत मात्र क्षार द्रावणातच जास्त असतात, कणांवर सोडियमचा पगडा नसतो. तिथे चांगला निचरा आणि चांगले पाणी यांनीच काम होते. दोन्ही जमिनींवर पांढरट थर दिसू शकतो, दोन्हींत पीक खुरटते, आणि उपाय मात्र वेगळे. निदान न करता उपाय केल्याने जमिनी वर्षानुवर्षे बिघडलेल्या राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे ज्ञान शंभर वर्षांच्या आसपास उपलब्ध आहे.

मातीच्या भौतिकीबद्दल तुम्ही पत्रात काही विचारलेले नाही, परंतु रसायनशास्त्राचे विद्यार्थी नेमके तिथे अडतात, म्हणून सांगते. एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये मातीतील पाण्याकडे ऊर्जेच्या दृष्टीने पाहायला शिकवले: पाणी किती आहे यापेक्षा ते माती किती जोराने धरून आहे, हे महत्त्वाचे. लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये असंपृक्त, म्हणजे छिद्रे पाण्याने पूर्ण न भरलेल्या, मातीतील पाण्याच्या वहनाचे समीकरण मांडले, आणि ते आजही वापरात आहे. या दृष्टीचे फळ असे, की जे सहज बुद्धीला उलटे वाटते ते समजू लागते. बारीक कणांच्या मातीखाली जाड वाळूचा थर असेल, तर पाणी झपाट्याने खाली जाईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते सीमेवर अडते, कारण बारीक छिद्रे पाणी जास्त जोराने धरतात, आणि वरची माती जवळजवळ संपृक्त झाल्याशिवाय ते मोठ्या छिद्रांत उतरत नाही. त्याचप्रमाणे चिकण जमिनीत पाणी वाळूपेक्षा पुष्कळ जास्त असते, पण त्यातील मोठा वाटा इतका घट्ट धरलेला असतो की मुळांना तो ओढून घेता येत नाही. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकाच ओलावा, कधी येतो, कोणत्या जमिनीला पाणी थोडे पण वारंवार द्यावे, हे प्रश्न यातूनच सुटतात. यासाठी गणित लागते, आणि कलनशास्त्राची थोडी उजळणी तुम्ही प्रवेशापूर्वीच करून ठेवावी.

जीवशास्त्राची बाजू आज सर्वांत वेगाने पुढे जात आहे. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठी हवेतील नायट्रोजन बांधतात हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवले, आणि त्या गाठींतील जिवाणू मार्टिनस बायरिंक यांनी १८८८ मध्ये वेगळे केले. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून त्यावरच जगणारे जिवाणू मातीतून शोधले. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक प्रतिजैविक १९४३ मध्ये मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले. अल्बर्ट शॅट्झ यांनी ते सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत वेगळे केले, आणि वॅक्समन मूळचे मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. असे असूनही मातीतील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील माध्यमांवर वाढत नाहीत, आणि त्यांचे अस्तित्व आपल्याला मुख्यतः त्यांच्या डीएनएवरून कळते.

सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत तर पाठ्यपुस्तकेच बदलत आहेत. अल्कलीच्या द्रावणाने मातीतून काढलेल्या काळ्या द्रव्याला ह्युमिक आम्ल म्हणायचे, आणि मातीत अशीच मोठी, गुंतागुंतीची, सहज न कुजणारी संयुगे तयार होत असतात असे मानायचे, अशी दीर्घकाळ पद्धत होती. अलीकडच्या संशोधनातून वेगळे चित्र पुढे आले आहे: मातीतील बराचसा सेंद्रिय कर्ब हा वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्या अवशेषांच्या लहानलहान तुकड्यांचा असतो, आणि तो टिकतो तो खनिजांच्या पृष्ठभागाला चिकटल्यामुळे किंवा कणांच्या गुठळ्यांत अडकून सूक्ष्मजीवांच्या आवाक्याबाहेर राहिल्यामुळे. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. जगातील मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे, म्हणजे वातावरणातील कर्बापेक्षा कितीतरी अधिक, हे लक्षात घेतले की या वादाचे महत्त्व कळते. तो कर्ब का टिकतो हे नीट ठाऊक नसेल, तर तापमान वाढल्यावर त्याचे काय होईल हेही सांगता येत नाही. पृष्ठरसायन जाणणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांची या प्रश्नाला गरज आहे.

"माती तपासून खताची शिफारस करणे" हे शब्द तुमच्या पत्रात काहीशा उणेपणाने आले आहेत, त्याबद्दल माझे मत वेगळे आहे. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण वीस लाख किलो भरते. प्रयोगशाळेतील बहुतेक चाचण्या एक ते दहा ग्रॅम मातीवर होतात. म्हणजे दोनशे कोटी ग्रॅमविषयीचा निर्णय आपण चिमूटभर मातीवरून घेतो. ती चिमूट कुठून, किती ठिकाणांहून, किती खोलीवरून घेतली, ती कशी मिसळली, यात चूक झाली तर पुढचे कितीही महागडे उपकरण ती दुरुस्त करू शकत नाही. दुसरे असे, की चाचणीत आपण मातीतील एकूण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजतच नाही. एकूण स्फुरद पुष्कळ असूनही पीक उपाशी राहू शकते. म्हणून असे द्रावण शोधावे लागते, की जे साधारण तेवढाच भाग काढून घेईल जेवढा मुळांना मिळू शकतो. चुनखडीयुक्त जमिनींसाठी ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सोडियम बायकार्बोनेटची पद्धत दिली. आम्ल जमिनींसाठी त्याआधी ब्रे आणि कुर्ट्झ यांची १९४५ ची पद्धत होती. चुनखडीच्या जमिनीत ब्रेची पद्धत वापरली, तर आकडा मिळतो, पण त्या आकड्याला अर्थ राहत नाही. शिवाय कोणता आकडा कमी आणि कोणता पुरेसा, हे प्रत्यक्ष शेतातील प्रयोगांत पिकाचा प्रतिसाद पाहूनच ठरवावे लागते. एका छोट्याशा अहवालामागे रसायन, संख्याशास्त्र आणि वर्षानुवर्षांचे क्षेत्रप्रयोग उभे असतात. हे काम यांत्रिकपणे करता येते, आणि पुष्कळ ठिकाणी तसे होतेही. परंतु ते समजून करणारी माणसे कमी आहेत.

वर्गीकरणाबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेत तयार झालेली आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धती आज सगळ्या मातींना १२ गणांत बसवते, आणि आंतरराष्ट्रीय संदर्भ-पद्धती ३२ गटांत. पहिल्या सत्रात ही नावे अंगावर येतील. ती पाठ करण्याची घाई करू नका. दहा-बारा छेद डोळ्यांखालून गेले, की नावे आपोआप अर्थपूर्ण होतात.

हा शेतीचा भाग आहे का, या प्रश्नाचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. मातीचा अभ्यास दोन बाजूंनी होतो. माती स्वतः कशी घडते, कशी ओळखावी, कशी नकाशावर मांडावी, ही एक बाजू. तिला पेडॉलॉजी म्हणतात. माती वनस्पतींना आणि इतर सजीवांना कशी पोसते, ही दुसरी, ती एडॅफॉलॉजी. दुसरी बाजू शेतीला चिकटलेली आहे आणि या शास्त्राला लागणारा पैसा व मनुष्यबळ दीर्घकाळ तिथूनच आले, म्हणून विद्यापीठांत हा विषय बहुधा कृषी विद्याशाखेत सापडतो. परंतु सांडपाणी आणि जड धातू जमिनीत कुठवर झिरपतील, भूजलात नायट्रेट का वाढतो, धूप कशी मोजावी आणि रोखावी, खाणीनंतर उरलेल्या उजाड ढिगाऱ्यांवर पुन्हा माती कशी घडवावी, पुरातन वस्तीच्या जागी माणसाने जमिनीचे काय केले होते, हे सगळे प्रश्न याच शास्त्राचे आहेत. धुपीचे गांभीर्य शासनांना पटले ते आपत्तीनंतर: १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील नांगरलेल्या गवताळ जमिनी धुळीच्या वादळांत उडून गेल्या, आणि ह्यू हॅमंड बेनेट यांच्या प्रयत्नांनंतर १९३५ मध्ये तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला. एक गैरसमज मात्र आधीच दूर करते. इमारती आणि धरणे यांच्यासाठी मातीची ताकद तपासणारी मृदायांत्रिकी, जिचा पाया कार्ल टेर्झागी यांनी १९२५ च्या सुमारास घातला, ही अभियांत्रिकीची शाखा आहे. बांधकामाचे अभियंते पाया घेण्यापूर्वी वरचा सेंद्रिय थर खरवडून बाजूला काढतात. आमचा बराचसा अभ्यास त्याच थरात असतो. प्रवेश घेताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

घरी शेती नसणे ही अडचण नाही. शेतीत वाढलेल्या विद्यार्थ्यांना जमिनीच्या सवयी आधीच ठाऊक असतात, हा त्यांचा खरा लाभ आहे, आणि तुम्ही त्यांच्याकडून मोकळेपणाने शिकावे. तुमचा लाभ म्हणजे रसायनाचा पक्का पाया. खरी कसोटी दुसरीकडेच आहे. प्रयोगशाळेत तुम्हाला शुद्ध पदार्थ आणि पुन्हा केले तरी तेच उत्तर देणारे प्रयोग यांची सवय झाली आहे. माती यातले काहीच देत नाही. दहा मीटरवर सामू (आम्लता दाखवणारा पीएच) बदलतो, एकाच शेतातील दोन नमुन्यांत दुपटीचा फरक पडतो, आणि तो फरक म्हणजे चूक नव्हे, तोच जमिनीचा स्वभाव असतो. तो मोजण्यासाठी सोन्याच्या खाणींच्या मूल्यमापनातून आलेले भूसांख्यिकीचे, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टींच्या संख्याशास्त्राचे, तंत्र मृदाशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास आपलेसे केले. अशा अनिश्चिततेत काम करताना तुम्हाला आनंद वाटेल की चीड येईल, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

ते प्रवेशापूर्वीच अजमावून पाहता येते. रस्त्यासाठी किंवा विहिरीसाठी जमीन नुकतीच कापलेली असेल, कड ढासळण्याचा धोका नसेल आणि परवानगी मिळत असेल, तर तिथे जा. भिंत थोडी तासून घ्या, रंग कुठे बदलतो, मुळे कुठवर जातात, खडे कुठे लागतात, ते वहीत उतरवा. प्रत्येक थरातील चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळा: वाळू खरखरीत लागते, गाळ पिठासारखा मऊ लागतो, चिकणमाती चिकटते आणि तिची लांब पट्टी काढता येते. थोडी माती बरणीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला जाते. दोन मायक्रॉनचा कण मात्र दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो, आणि त्याहून बारीक कण दिवस दिवस तरंगत राहतात. द्रवात कण किती वेगाने खाली बसतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हे वेग तुम्ही स्वतः काढून पाहा. मातीचा पोत मोजण्याची प्रमाणित पद्धत याच नियमावर उभी आहे. मग थोड्याच अंतरावर, उताराच्या वर किंवा खाली, तसाच दुसरा छेद पाहा आणि दोन्ही वेगळे का, याचे स्वतःचे उत्तर लिहा. ते चुकीचे असले तरी चालेल. ते लिहिण्याची ओढ लागली, तर हा विषय तुमचा आहे असे मी निःशंकपणे सांगेन.

शाखा मात्र आत्ता ठरवू नका. तुमच्या पार्श्वभूमीमुळे सगळे तुम्हाला मृदारसायनाकडे वळवतील, आणि कदाचित शेवटी तुम्ही तिथेच जाल. पण भौतिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्र न शिकता केलेले मृदारसायन अपुरे राहते, कारण ज्या क्रिया तुम्ही अभ्यासाल त्यांचा वेग बहुतेक वेळा पाणी आणि जिवाणू ठरवत असतात. पहिले वर्ष सर्व बाजू सारख्याच गांभीर्याने शिका आणि संशोधनाचा विषय त्यानंतर निवडा. ज्या विभागात प्रवेश घेणार आहात, तिथल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी जरूर विचारा: अभ्यासक्रमात प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन छेदाचे वर्णन करणे किती वेळा होते, आणि प्रबंधासाठी नमुने विद्यार्थी स्वतः गोळा करतात की तयार पिशव्या हातात मिळतात. छेदाचे काम केवळ चित्रांवर उरकले जात असेल आणि दुसरा विभाग निवडण्याची मुभा असेल, तर तो निवडा. प्रयोगशाळा थोडी जुनी असली तरी हरकत नाही.